प्रश्न तिसरा (अ)

‘फ्रान्समधील राज्यक्रांतीची कारणे लिहा.
(कोणतीही पाच)’
एका कारणाला एक गुण,
किराणा दुकानासारखा हिशेब.

रात्रशाळेचे एकोणतीस पेपर
नेरुळच्या भाड्याच्या खोलीत, जेवणाच्या ताटाशेजारी.
अठ्ठावीस जणांनी मी सांगितलेलंच लिहिलंय:
विषम समाजरचना, रिकामी तिजोरी,
विचारवंतांचे ग्रंथ, दुबळा राजा, नापिकी.
शुद्धलेखन सोडलं तर सगळं बरोबर.
मी टिक करत जाते, आमटी गार होत जाते.

एकोणतिसावा चांगुणा म्हात्रेचा.
गाव शिरवणे, वय एकावन्न,
दिवसा चार घरची भांडी.
तिने एकच कारण लिहिलंय, दीड पान:

मीठ.

‘बाई, तुमी एका ओळीत सांगून पुढं गेलात
का तिथं मिठावर कर होता.
मी तिथंच ऱ्हायले.
आठ वर्सांवरच्या दर माणसानं
वर्साला सात किलो मीठ सरकारकडनंच घ्यायचं,
लागो नायतर न लागो, भाव सरकारचा.
म्हंजे पोराला आठवं सरलं
का आयशीच्या पोटात गोळा.

माझा बापूस मिठागरात होता.
तुमची बिल्डिंग हाय ना, तिथंच कुठंतरी त्याची कोंडी.
तो बोलायचा, भात नसला तर माणूस
दोन दिस कळ काढतो,
पन पेजंत मीठ नसलं तर पयल्या घोटालाच
कळतं आपुन कोन ते.

राजाच्या घरी मीठ कोन मोजनार?
मी जिथं काम करते तिथं पन नाय मोजत.
ताटाच्या कडेला वाढतात, उरलं तर मोरीत.
वाईट मानसं नायत ती.
राजा पन नसंल वाईट.
त्याला भाव ठावकी नव्हता.

मंग बाजारच्या बायका निघाल्या,
पावसात, सहा कोस चालत, महालावर.’

इथे मी लाल पेनाने समासात लिहिलं:
ही घटना आहे, कारण नव्हे.
आणि खालची ओळ वाचली:

‘तुमी म्हनाल, ही घटना झाली.
पन बायका चुलीवरचं भांडं उतरवून निघाल्या
म्हंजे कारण कवाचंच शिजलेलं.’

मला तो वर्ग आठवला. पंखा बंद होता.
मी फळ्यावर तीन चौकोन काढलेले,
धर्मगुरू, सरदार, बाकीचे सगळे,
आणि विचारलं, बाकीचे शंभरात किती?
‘अठ्ठ्याण्णव,’ सगळे म्हणाले.
मागच्या बाकावरून तिचा आवाज:
‘आन मंग दोघांना इतकी वर्सं कशी काय दिली?’
वर्ग हसला. मीही हसले.
‘हे परीक्षेला येत नाही,’ म्हणाले,
आणि फळा पुसला.

आता सावे सर तपासतील माझी तपासणी.
नमुना उत्तरात ‘अन्यायकारक कर’ हा एक मुद्दा,
मीठ त्याच्या आत, कंसात.
पाचातला एक.
नियमाप्रमाणे एकच.
मी एक लिहिला.
एकाचं पोट जरा मोठं झालं,
घाईत काढला की होतो तसा.

हात धुवायला उठले.
बेसिनमागच्या भिंतीला पुन्हा लोणा आलाय.
मालकाने दोनदा रंग दिला,
वॉटरप्रूफिंगवाला पावतीसकट पैसे घेऊन गेला,
तरी रंगाखालून ते पांढरं फुगतं,
बोट लावलं की पापुद्रा सुटतो.
भरणी घातली, रस्ते आखले, सेक्टरला नंबर दिले,
खालचं पाणी मात्र
आपलं वर चढतंय.

बोट जिभेला लावलं.

शाळा उद्या साडेसहाला.
ती पदराला हात पुसत येईल,
पेपर उलटून आधी गुण नाही बघणार,
समासातलं माझं वाक्य बघेल.
ते खोडायला माझ्याकडे
लाल पेन आहे, तेवढंच.